आकडा नसलेलं घर

लढाई संपली आणि भिंगारच्या छावणीतला जुना माल लिलावात निघाला. त्यात रेडिओचे व्हॉल्व्ह तपासायचं एक लोखंडी यंत्र मला मिळालं. नगरच्या कापडबाजारामागं बोळात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत घर. व्हॉल्व्ह खाचेत बसवायचा, खुंटी त्याच्या आकड्यावर फिरवायची. काटा हिरव्यावर गेला तर व्हॉल्व्ह जिवंत, तांबड्यावर राहिला तर मेलेला. पण खुंटीखालचा फिरता स्विच धुळीनं पार जाम झालेला. तो मी सगळा उलगडला. चकत्या, वायसर, स्प्रिंग, जे निघेल ते दोऱ्यात ओवत जायचं, ही आमच्या उस्तादांची रीत. म्हणजे जोडताना क्रम चुकत नाही.

दोरा खिळ्याला टांगून मी नमाजाला गेलो. परत येतो तर माझी बायको हाजराबी सातव्या महिन्याचं पोट सावरत फरशीवर बसलेली.

"दोरा तुटला हो. मी ओवलं सगळं परत."

"होतं तसंच?"

"एवढे गजरे ओवते मी, हे काय अवघड!"

तिला रागवायचं कोणत्या तोंडानं? आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. हे तरी जगावं म्हणून मी तिला भरली घागरसुद्धा उचलू देत नव्हतो.

तिच्याच क्रमानं स्विच जोडला. लोण्यासारखा फिरला. फक्त शेवटच्या आकड्याशी खुंटी अडायला हवी होती, ती आणखी एक घर पुढं जाऊन खट्‌कन बसली. तिथं आकडाच नव्हता. खाचेत व्हॉल्व्ह नव्हता, तरी काटा उडायला लागला. माझा डावा हात यंत्राच्या पत्र्यावर होता. उचलला, काटा पडला. ठेवला, पुन्हा उडाला. उजव्या हातानं त्याच मनगटाची नाडी धरली. नाडी आणि काटा बरोबर चालले होते.

वीज कुठंतरी गळत असणार म्हणून प्लग उपसला. काटा उडतच राहिला. हवेतून माणसं बोलतात हा आमचा रोजचा धंदा, आम्ही कशाला भितो? पण भ्यालो, खोटं कशाला बोलू.

हाजराला हे सांगितलं, तिथं चुकलं. काही दिवसांनी बनुबाई दाई आली. पोट पुन्हा पुन्हा चाचपलं.

"पोर हालतंय का गं?"

"कालपासून नाही."

"बगू. देवाची मर्जी." बनुबाई माझ्याकडं न बघताच निघून गेली.

हाजरा भिंतीला धरत दुकानात आली. भर दुपार होती, बोळात तांबटाची ठोकठोक चाललेली.

"यंत्रावर हात ठेवते मी."

"वेडी आहेस का?"

"पोर आहे की नाही, एवढंच कळू द्या हो मला."

मला नाही म्हणवलं नाही. खुंटी त्या घरात नेली. तिनं पत्र्यावर तळवा टेकला. काटा संथ उडू लागला. तिचाच ठोका. मग त्याच्या मधेमधे दुसरा, बारीक, घाईचा.

"आहे गं! आहे!" मी ओरडलोच.

ती रडायला लागली. डोळे पुसायला तिनं हात उचलला.

संथ ठोका थांबला.

बारीक चालूच राहिला.

पत्र्यावर कुणाचाच हात नव्हता. खुंटी मागं घ्यायला मी नुसती चिमटीत धरली, तर काटा अडखळला.

हाजरा पोट धरून किंचाळली. "नका! हात लावू नका!"

मी खुंटी त्याच घरात तारेनं जखडून टाकली.

महिने भरले आणि मुलगा झाला. टाहो फोडून रडला. बनुबाईनं त्याला पुसलं, सवयीनं छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग दुसरा कान लावला.

"रडतंय झ्याक. अंग बी ऊन हाय," ती पुटपुटली. "पन आत काईच वाजत न्हाई."

हाजरानं पोराला तिच्याकडून घेतलं आणि शांतपणे पदराखाली धरलं.

"दुकानात वाजतंय," ती म्हणाली.