पाण्याच्या आधी आलेला पूर

सकाळी सहाच्या ठोक्याला हिरेकट्टीच्या धरणाचं एक दार उघडलं. त्याच ठोक्याला दारासमोरच्या पाण्यात एक यंत्राचं पाणमांजर सोडलं. नदी तीच, वाट तीच. साठ किलोमीटर खाली कुरणवाडला पाणी चढायला लागलं दुपारी बाराला. आणि पाणमांजर पोचलं तीनला!

आता सांगा, मधले तीन तास ते कुठं शेण खात होतं?

अकरा वर्षांच्या तुळसानं त्याला नेमकं हेच विचारलं. भोयाची पोर ती. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं त्याला जाळ्यात धरलं आणि शेपटीला धरून वर उचललं.

"कुठं उंडारत होतास रे?"

"कुठंही नाही," पाणमांजर म्हणालं. "वाटेत एक मगर भेटली. तिनं मला चावून बघितलं आणि थुंकलं. बाकी मी पाण्याबरोबरच आलो."

"खोटारडा! पाणी बाराला आलं. मी सोता खुंटीवर खूण केलीया."

"मला खोटं बोलता येत नाही."

"शिकवते. लई सोपं असतंय."

हे पाणमांजर पलीकडच्या राज्यातलं. तिळवंती नदी वर कानडी मुलखात उगम पावते, तिथं अडते, आणि सुटली की सीमा ओलांडून आपल्याकडे येते. पलीकडे या जनावराला म्हणतात नीरुनायी, म्हणजे पाण्यातला कुत्रा. वर कुत्रं, खाली मांजर, जनावर एकच! या यंत्राच्या मिशांमध्ये संवेदक (पाण्याचा वेग आणि खोली ओळखणारे बारीक तुकडे) बसवलेले होते. श्रावणातली उघडीप होती, चार दिवसांनी मोठा पाऊस येणार असा अंदाज होता. त्याआधी दोन्ही राज्यं पहिल्यांदाच मिळून नदीची चाचणी घेत होती. वरच्यांनी पाणी सोडायचं, खालच्यांनी मोजायचं. खालची मोजणारी म्हणजे आपली तुळसा. शाळेनं निवडलेली, कारण खुंटीपाशी दिवसभर गप बसायची शिक्षा तिला तशीही होणारच होती.

काठावर तिचा आज्जा पाईप लावून नाव धूत होता. पाणमांजराच्या पोटावरची कानडी अक्षरं दिसली आणि त्याचा हात थांबला.

"टाक ते पाण्यात," तो म्हणाला.

"पण आज्जा..."

"धरणावरचा भोंगा सहाला वाजला म्हणत्यात न्हवं? मग पाणी तीनला याया पायजे. आलं बाराला. म्हंजे दार उघडलं पहाटं तीनला आन् भोंगा वाजवला सहाला. चौदा वर्सांमागं मल्लाप्पानं हेच केलं. आज बी तेच."

तुळसानं पाणमांजर छातीशी धरलं. चौदा वर्षांमागचं तिला ठाऊक होतं. घरात ते कुणी मोठ्यानं बोलत नसे.

पूर्वी दर श्रावणात हिरेकट्टीचा मल्लाप्पा नदीची पूजा करून एक नारळ पाण्यात सोडायचा. सकाळी सहाला सोडलेला नारळ कुरणवाडला बरोबर तीनला यायचा आणि आज्जा तो जाळ्यात झेलायचा. त्यांच्या बापांनीही हेच केलेलं. त्यामुळे दोन्ही गावांत शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, वरचं पाणी खाली यायला नऊ तास. सरकारी माणसं विचारायला आली, त्यांनाही तेच सांगितलं. मग देवळाच्या भिंतीवर रंगवलं गेलं : *भोंगा वाजल्यापासून नऊ तास.*

चौदा वर्षांमागं पूर आला. धरणावर भोंगा वाजवायचं काम मल्लाप्पाचंच होतं. भोंगा सकाळी सातला वाजला आणि त्यानं फोनवर तसं कळवलं. गाव टेकडीकडे निघालं. दुपारी बाराला आज्जाचा धाकटा भाऊ गुंडू म्हणाला, "म्हस राहिलीया गोठ्यात, सोडून आणतो." आज्जानं हिशोब केला. पाणी चारला येणार. "जा," तो म्हणाला, "लई टाइम हाय."

पाणी साडेबाराला आलं.

म्हैस पोहून निघाली. गुंडू नाही.

त्या दिवसापासून आज्जासाठी मल्लाप्पा लबाड होता. नारळ बंद झाला. फोन बंद झाला.

"मल्लाप्पा लबाड नाही," पाणमांजर म्हणालं. "आज दार सहालाच उघडलं. मी तिथं होतो. दाराचा आवाज माझ्याकडे साठवलेला आहे, घड्याळासकट."

"मग पाणी तीन तास आधी आलं कसं? पंख फुटलं व्हय त्याला?"

"जे पाणी बाराला चढलं, ते धरणातलं नव्हतंच."

  पाणमांजर तुळसाच्या कानात काहीतरी कुजबुजलं. तिचे डोळे चमकले. अशी चमक दिसली की कुरणवाडची माणसं पाय वर घेऊन बसतात.

ती पळत नळापाशी गेली. नळ बंद केला, नळाकडचं पाईपाचं टोक सोडवलं, त्यात देवळातलं मूठभर कुंकू कालवलेलं पाणी ओतलं आणि टोक परत बसवलं. पाईप तीस हात लांब, आणि आतून पाण्यानं गच्च भरलेला.

"आज्जा! तुझ्याकडच्या टोकात बेडूक अडकलाय बघ!"

आज्जानं पाईप उचलून डोळ्याला लावला. तुळसानं नळ सोडला.

फस्सकन पाणी तोंडावर! आज्जानं तिला अशी शिवी घातली की ती इथं छापता येत नाही.

"शिवी नंतर दे! पाणी कुठल्या रंगाचं हाय?"

"कसला रंग? साधं पाणी..." आज्जा बोलता बोलता थांबला. काही वेळ साधंच पाणी येत राहिलं. मग ते गुलाबी झालं. मग लाल.

"नळातून निघालेलं पाणी हे लाल," पाणमांजर म्हणालं. "ते आत्ता पोचलं. पण तुमचं तोंड आधीच भिजलं. कशानं?"

"पाईपात जे हुतं... त्यानं."

"मागच्यानं पुढच्याला ढकललं, त्यानं त्याच्या पुढच्याला. पाणी मागेच राहिलं, धक्का पुढं पोचला. पाईप बंद असतो, म्हणून त्यात धक्का क्षणात जातो. नदी उघडी असते. तिथं पाणी आधी फुगतं, मग पुढच्याला ढकलतं, म्हणून तास लागतात. तरीही तो धक्का पाण्याच्या पुढेच पळतो. त्याला पूरलाट (पाण्याच्या वाढीचा खाली पळत जाणारा फुगवटा) म्हणतात. नारळ आणि मी पाण्याबरोबर वाहतो, म्हणून आम्हाला नऊ तास. पूरलाटेला सहा. आणि नदी भरलेली असली की ती आणखी जोरात पळते. माझ्या हिशोबानं साडेपाच तासांत येते."

आज्जा नावेच्या कडेवर बसला. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, ते त्यानं पुसलं नाही. बोटं मोजली. सात आणि साडेपाच.

"साडेबारा," तो म्हणाला.

 तुळसाला आपल्या खोडीची लाज वाटली.

"म्हंजे मल्ल्यानं भोंगा टायमावर वाजवला हुता," आज्जा हळू म्हणाला. "आन् 'जा, टाइम हाय' म्हणणारा मी."

"तुम्ही भिंतीवर लिहिलेलं सांगितलंत," पाणमांजर म्हणालं. "वर फक्त नारळ सोडला जायचा, खाली फक्त झेलला जायचा. पाणी कधी चढतं, हे दोन्ही टोकांना एकाच वेळी घड्याळ धरून कुणी बघितलंच नव्हतं. एका टोकावरून ते दिसत नाही."

आज्जा उठून पाणमांजराजवळ आला. मग म्हणाला, "तुझ्यात फोन हाय?"

होता. पाणमांजराच्या पोटातून घरघर आली, मग एक म्हातारा आवाज. "यारु? कोण?"

"मल्ल्या, मी."

आज्जानं तोंड पाणमांजराच्या पोटाजवळ नेलं. 

"तू भोंगा टायमावर वाजवलावतास रे."

"चौदा वर्सं तेच सांगतोय," मल्लाप्पा म्हणाला. "किवडा झालास काय, सुक्काळीच्या?"

"झालोवतो."

दोघांनाही फोन ठेवायचा नव्हता. 

शेवटी आज्जा म्हणाला, "मोठा पाऊस येतोय म्हणं. नारळ धाड."

संध्याकाळी तुळसानं शिडीवर चढून देवळाच्या भिंतीवरचा नऊ खोडला आणि पाच लिहिला. अर्धा तास मुद्दाम कमी केला, गावातल्या आळशी लोकांसाठी. दोन्ही राज्यांच्या पूरखोल्यांत (पुराचे आकडे बघून निर्णय घेतात त्या खोल्यांत) एकच तक्ता लागला. तो वाचून वरच्यांनी त्याच रात्रीपासून थोडा थोडा विसर्ग (धरणातून सोडलेलं पाणी) सुरू केला, म्हणजे मोठ्या पावसाला धरणात जागा राहील. किती सोडलं तर खालची शेतं बुडणार नाहीत, ते खालचे दर तासाला वर कळवत होते. पाणमांजर मात्र वर परतलं बिनड्रायव्हरच्या एसटीनं. कंडक्टर होताच, त्यानं अर्धं तिकीट फाडलं.

पाचव्या दिवशी आभाळ फुटलं. सकाळी आठला भोंगा वाजला. बारापर्यंत कुरणवाड टेकडीवर होतं, म्हशींसकट. आज्जानं दोनदा माणसं मोजली, मग गोठे आठवून आठवून म्हशी मोजल्या.

दीड वाजता पाणी आलं. देवळाच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं. चौदा वर्षांमागं ते कळसाला टेकलं होतं.

लोक जेवायला बसले. आज्जा बसला नाही. जाळं घेऊन टेकडीच्या पायथ्याशी पाण्याच्या कडेला उभा राहिला. पाच वाजायला आले तेव्हा गढूळ पाण्यात मिशा दिसल्या. पाणमांजरानं तोंडात एक नारळ धरला होता.

"मला उशीर झाला," ते म्हणालं.

"न्हाई बाबा," आज्जानं नारळ हातात घेतला आणि कपाळाला लावला. "तू टायमावर आलास."