ही ह्यांची, ही माझी

यकृत कधीही खोटं बोलत नाही. डॉ. केतकी बेडगकर यांच्या या एका वाक्याने मानवजातीच्या आरोग्याला नवी दिशा दिली, असं तिच्या सत्कारात तीन वक्त्यांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते कंपनीच्या जाहिरात विभागातल्या कुणीतरी लिहिलेलं होतं, आणि डबीच्या झाकणावर 'उन्हापासून दूर ठेवा'च्या वर छापलेलं होतं.

मिरजेच्या घरात जेवणाच्या टेबलावर, मीठ-लोणच्याशेजारी, ती डबी अजून चालू होती. तिचा मालक जाऊन बारा दिवस झाले होते.

आईने शिऱ्यातलं तूप चमच्याच्या टोकावर घेतलं आणि डबीच्या खाचेत एक थेंब सोडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दिवा लाल झाला.

"नको म्हणतायत," आई म्हणाली, आणि चमचा खाली ठेवला.

"आई, तू आधी चार घास खा. सकाळी ओट्याला धरून खाली बसलीस."

"ह्यांनी घेतल्याशिवाय नाही."

बारा दिवस ती कोऱ्या चहावर होती. डॉक्टर येऊन रक्तदाब बघून गेले होते आणि जाताना केतकीलाच म्हणाले होते, की असंच चाललं तर परवा दवाखान्यात आणावं लागेल.

बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यातून त्या माणसाच्या यकृताच्या पेशी वाढवायच्या, काडेपेटीएवढ्या डबीत त्या जिवंत ठेवायच्या आणि जेवणाआधी त्यांनाच विचारायचं. एवढीच ती युक्ती. रक्तातून आलेला मेद पेशीत आपला आपण शिरत नाही. दारात त्याला उचलून आत नेणारी प्रथिनं असतात. केतकी त्यांना हमाल म्हणायची. हमालांनी माल भट्टीत, म्हणजे तंतुकणिकांत, जाळायला टाकला तर हिरवा दिवा. कोठारात रचला तर पिवळा. दारातूनच परत पाठवला तर लाल. कुठला हमाल काय करतो ते शोधण्यात तिची अकरा वर्षं गेली. त्या हमालांना लोकांच्या ताटात लुडबुड करायला अकरा महिने पुरले. आता पंगतीत मीठ वाढायच्या आधी खिशाखिशातून डब्या निघत, आणि यजमानीणबाई लाल दिवे मोजून तोंड पाडत.

बाबा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मिरजेतला एकही काटा त्यांनी कधी खरा मानला नाही. डबीवर मात्र त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण ती मुलीची होती. सहा वर्षांत अठ्ठ्याहत्तर किलोंचे एकोणसाठ झाले. दर वर्षी डबीतली नळी न चुकता बदलत. दर वाढदिवसाला शिऱ्याचा थेंब टाकत, लाल दिवा बघत आणि वाटी आईकडे सरकवत. "खा तू. तुझं नशीब." बारा दिवसांपूर्वी पहाटे मेद जाळायला म्हणून चालायला गेले आणि पाण्याच्या टँकरखाली सापडले. यकृत उत्तम स्थितीत असल्याचं शवविच्छेदनाच्या अहवालात लिहिलं होतं.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर दोन तास कावळा शिवला नाही. आईला सांभाळीन, गच्चीची गळती काढीन, दर महिन्याला येईन. केतकीने पिंडापुढे सगळं बोलून बघितलं. कावळे समोरच्या झाडावर बसून ऐकत होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि घड्याळ बघितलं. घरी येऊन आईने डबीत भाताचं तूप टाकलं. लाल. काल पुरणपोळीचं टाकलं. लाल. राग आहे ह्यांचा, असं आईचं मत पडलं.

केतकीला यातलं काही पटणं शक्य नव्हतं. पण दोन दिवसांपासून ती डबीपुढून जाताना आवाज खाली आणत होती. काल तर टेबल पुसताना ती डबीला "सरका जरा" म्हणाली, आणि मग बराच वेळ फडकं हातात धरून उभी राहिली. सहा वर्षं तिने फोनवर एकच विचारलं होतं: "बाबा, दिवा काय म्हणतोय?" ते सांगत, आणि ती फोन ठेवत असे. कसे आहात, हे त्यातच आलं असं तिला वाटायचं.

तिने फ्रीजमधून पुण्याहून बर्फात आणलेली कुपी काढली. आत नुसते हमाल होते. एक थेंब टाकला की कुठलीही पेशी काहीही आत घेते.

"ते काय गं?"

"औषध आहे. डबीचं."

आईने कुपीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"दर्भाचा कावळा ना?"

केतकीने कुपी मुठीत लपवली.

"एकदा बघितला तेवढा पुरे. ठेव ते."

केतकीने कुपी ठेवली. काहीतरी करायचं म्हणून डबी उचलून उलटी केली. मागे पट्टी होती, आणि पट्टीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मी'. सहा वर्षं ती हे बघत आली होती. बाबांनीच लिहिलं असणार. या घरात 'मी' म्हणणारा माणूस एकच होता. पण बाबा वेलांटी अशी काढत नसत.

"आई, हे कुणी लिहिलंय?"

"फिटरने. दोन्ही डब्या लावायला आला होता तो. हे मंडईत गेलेले. कुठली कुणाची, विचारलंन."

"मग?"

"मग काय? ह्यांचं नाव घेऊ होय त्याच्यापुढे? म्हटलं, ही ह्यांची, ही माझी."

"आणि त्याने तसंच लिहिलं."

"शहाणाच होता. एकीवर 'हे' लिहिलंन, एकीवर 'मी'. मग हे आले, एक आपली म्हणून घेतली आणि म्हणाले, तुझी वर ठेवतो, तू कुठली बघणार आहेस."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. आईने हात पुढे केला, डबी घेतली आणि चष्म्याशिवाय लांब धरून वाचली. 'मी'. हळूहळू तिचा हात खाली आला.

"म्हणजे ही मी?"

"हो."

"शिरा मला चालत नव्हता?"

"हो."

"मग सहा वर्षं वाट्याच्या वाट्या खाल्ल्या की मी. काय झालं मला?"

यावर मेदशास्त्राकडे उत्तर नव्हतं. निदान मिरजेत तरी नव्हतं.

"आणि ह्यांना चालला असता?"

केतकी स्टुलावर चढली. फडताळाच्या वरच्या फळीवर, तांब्याच्या घंगाळामागे दुसरी डबी होती. वर धूळ, पट्टीवर 'हे'. तिने ती पुसून टेबलावर ठेवली. आईने पदर खांद्यावरून घेतला, चमचा भरला, आणि थेंब सोडताना ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. केतकीला वाटलं, नाव घेतलं.

दिवा हिरवा झाला.

"घेतलं गं," आई म्हणाली. "घेतलं ह्यांनी." ती रडली, हसली, "सहा वर्षं माझं पथ्य पाळलं गं ह्या माणसाने," म्हणाली. मग वाटी पुढे ओढली आणि शिरा खाल्ला. केतकीने तिला तिसरी वाटी वाढली.

आई वाटी विसळायला आत गेली. केतकी हिरव्या दिव्याकडे बघत बसली. बाबा खरंच खाऊ शकले असते का? तिने शिलाई मशीनच्या खणातून तेलाची बुधली काढली आणि एक थेंब खाचेत टाकला.

हिरवा.

आतली नळी बदलली नाही तर पेशी अठरा महिन्यांत मरतात. त्यानंतर दिवा कशालाही हिरवाच लागतो, कारण लाल दिसला की गिऱ्हाईक तक्रार करतं. माहितीपत्रकात ते आहे. पान सात, तळाला.