कंथकला बिटक्या फार आवडायच्या

दर्शनची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा घोडा उभा होता आणि मी जमिनीवर होते. स्वाराने वर असावं आणि घोड्याने खाली, इतकी साधी रीत, पण त्या सकाळी तीही पाळली गेली नाही.

पावस गावाच्या अलीकडे आमची वाडी. तिथून कातळावरची पायवाट दर्शनच्या कलमांच्या बागेला वळसा घालून समुद्राकडे उतरते. मार्च चालू होता, कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. बागेच्या दगडी गडग्यापलीकडे अचानक फवारणीचा पंप सुरू झाला, कंथकने कान टवकारले, बाजूला एकच उडी मारली — आणि मी थेट पेंढ्याच्या ढिगात. आंब्याच्या पेट्यांत घालायला आणून टाकलेला पेंढा होता तो, म्हणून हाडं शाबूत राहिली.

पंप बंद झाला. गडग्याच्या चिऱ्यांवरून एक डोकं वर आलं, नाकातोंडाला रुमाल बांधलेलं.

"लागलं काय ओ?"

"नाही, मी ठीक आहे."

"तुम्हाला नाय, त्याला विचारतोय. केवढा घाबरला बघा तो."

रुमालावर नुसते डोळे दिसत होते आणि ते हसत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही… केसांतला पेंढा काढत मी उगाचच तिथे जरा जास्त वेळ बसले.

मी निशिगंधा. रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. छंद विचारला तर सांगते, घोडा. लोक आधी हसतात, मग विचारतात, वरातीला भाड्याने देता का. लॉकडाऊनमध्ये किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फेऱ्या मारून आणणारा एक जण धंदा गुंडाळून गावी निघाला होता. त्याचा घोडा मी घरी आणला, तेव्हा बरगड्या बाहेर आल्या होत्या. माझे बाबा, महिपत पोस्टमन, आता निवृत्त, घोड्याकडे बघून म्हणाले, "बाय, गाय आणली असतीस तर दूध तरी दिलं असतं." पण नाव त्यांनीच ठेवलं. आयुष्यभर रोज बुद्धवंदना म्हणणारा माणूस, सिद्धार्थाच्या घोड्याचं सोडून दुसरं कुठलं नाव देणार होता?

घोडा म्हणजे ऐट, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पाचला उठून लीद काढावी. मग खरारा, मग चारही खूर उचलून आकडीने साफ करायचे, कारण कातळावरचे खडे नेमके तिथेच जाऊन बसतात. सहाला खोगीर, तासभर रपेट आणि आठची एसटी. अंगाला घोड्याचा वास राहतो. फायदा एवढाच की एसटीत शेजारची जागा रिकामी मिळते.

दुसऱ्या दिवशीही मी त्याच वाटेने गेले. तो बागेच्या तोंडाशी बेड्याचे, म्हणजे फाटकाचे, आडवे बांबू सरकवत उभा होता. रुमालाशिवायचा चेहरा बरा होता… बराच बरा होता.

"मॅडम, तुमचा घोडा बरोबर इथंच कसा थांबला?"

"त्यालाच विचारा. तुमची त्याच्याशी ओळख आहे."

"विचारलं. तो म्हणतो, मालकीणच लगाम खेचतेय."

लगाम मीच खेचला होता. आता चोरी पकडली गेल्यावर काय बोलणार?

मग रोजच थांबायला लागले. त्याला घोड्याची भीती वाटायची. "आम्ही पिढ्यानपिढ्या बैलवाले," म्हणायचा आणि दोन हात लांब उभा राहायचा. मी त्याला तळहात सपाट धरायला शिकवलं, अंगठा आत घ्यायला शिकवलं. कंथकने पहिल्यांदा त्याच्या हातावरचा गूळ ओठांनी उचलला तेव्हा गुदगुल्या होऊन तो लहान मुलासारखा हसला. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा 'अरे' म्हणाले आणि त्याने ते बरोबर टिपलं.

मेमध्ये बागेच्या कोपऱ्यातली बिटकी पिकली. बिटकी म्हणजे आमच्याकडचा रायवळ आंबा, लिंबाएवढा, त्यात बाठा, म्हणजे कोयच मोठी, कापायचा नाही, नुसता चोखायचा. झाडाखाली सडा पडला होता आणि कंथक मान ताणून ताणून वास घेत होता.

"देऊ काय गो याला एक?"

"दे, पण बाठा काढून हं."

"फार लाड तुझ्या घोड्याचे," तो म्हणाला. पण त्याने बाठा काढला, साल काढली, आणि तळहात सपाट धरला. का काढायचा ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मी त्याच्या मनगटावरून ओघळणाऱ्या रसाकडे बघत होते.

त्याच आठवड्यात लॅबने मला नवीन मशीन शिकायला मुंबईला पाठवलं. आठ दिवस. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना घोडा आवरत नाही.

"मी आहे ना," दर्शन म्हणाला. "रोज बागेत आणून बांधीन."

"आठ दिवस?"

"आठ काय… तू म्हणशील तेवढे."

हे तो माझ्याकडे न बघता बोलला. मी दोर त्याच्या हातात दिला आणि सोडायला जरा उशीर केला. त्यानेही घाई केली नाही.

मुंबईत रोज संध्याकाळी फोटो यायचा, बिटकीखाली उभा कंथक. खाली लिहिलेलं, वाट बघतोय. मी लिहिलं, कोण? मग उत्तर आलं, दोघंही. त्या रात्री मी मैत्रिणीच्या घरी उशीत तोंड खुपसून हसले. परत येताना गाडीत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. दर्शन, मला तुला काहीतरी… छे, असं नको. दर्शन, ऐक ना…

रविवारी दुपारी मी थेट बागेत गेले. कंथक खिंकाळला. त्याचे ओठ नाकपुड्यांपर्यंत पिवळे झाले होते, तोंडाला गोड, आंबूस वास येत होता. झाडाखालची जमीन मात्र स्वच्छ होती. साल नाही, बाठा नाही. क्षणभर मनात आलं, बाठे गेले कुठे? तेवढ्यात दर्शन म्हणाला, "वजन वाढलंय बघ तुझ्या लाडक्याचं," आणि असा हसला की मी तो प्रश्न गिळून टाकला. माझ्यामागे कुणीतरी माझ्या घोड्याचे लाड करत होतं, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

सोमवारी दुपारी लॅबमध्ये बाबांचा फोन आला. "बाय, घोडा लोळतोय. सारखा पोटाकडं वळून बघतोय."

मी पोचले तेव्हा दर्शन आलेला होता आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर बाई कंथकच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून उभ्या होत्या. त्याचं अंग घामाने काळं पडलं होतं. पुढच्या पायाने तो जमीन खरवडत होता.

"पोटशूळ आहे," त्या म्हणाल्या. "घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि इथे काही सरकत नाहीये. खाण्यात नवीन काय आलं?"

"काय नाय," बाबा म्हणाले. "गवत नि कोंडा. नेहमीचंच."

डॉक्टरांनी दर्शनकडे पाहिलं. "आठ दिवस तुमच्याकडे होता ना?"

"गवतच खायचा," दर्शन म्हणाला. "बांधावरचं."

मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे. इतका घाबरलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पिवळे ओठ, स्वच्छ जमीन, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "डॉक्टर, इंजेक्शनने आराम पडेल ना?"

वायूचा शूळ धरून त्यांनी औषध दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं. लीद पडली तर सुटला, म्हणाल्या, नाहीतर सकाळी येते. संध्याकाळभर आम्ही दोघं कंथकला अंगणात फिरवत राहिलो. एकाने दोर धरायचा, दुसऱ्याने बाजूने चालायचं. खांद्याला खांदा लागत होता. आठ दिवस मला हेच हवं होतं. पण आता मी सारखी मागे वळून लीद पडते का ते बघत होते.

लीद पडली नाही.

सकाळी डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलला. हिरड्या जांभळ्या झाल्या होत्या. त्यांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, आत हात घातला, आणि बऱ्याच वेळाने मूठ बाहेर काढून उघडली. बिटकीचा बाठा होता, केसाळ, गवताने गुंडाळलेला.

"असे खूप आहेत," त्या म्हणाल्या. "आतडं बंद झालंय."

"काल कळलं असतं तर?" बाबांनी विचारलं.

"इथे ऑपरेशन होत नाही. काल दुपारीच गाडी करून पुण्याला नेला असता तर… कदाचित वाचला असता. कदाचित नसता. आता प्रवास झेपणार नाही त्याला." मग माझ्याकडे वळून त्या हळू म्हणाल्या, "त्याला फार दुखतंय. जास्त वेळ लावू नका."

मी कागदावर सही केली. शेवटच्या इंजेक्शनसाठी मानेवरची शीर मीच अंगठ्याने दाबून धरली, कारण मला आयुष्यात तेवढंच नीट येतं. कंथकने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. त्याला वाटलं असेल, ही आली, आता बरं वाटेल. मग त्याचे गुडघे वाकले. बाबांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज गेला.

आमच्या वाडीत सगळा कातळ, पुरायला माती नाही. दर्शन म्हणाला, बागेच्या खालच्या अंगाला आहे. चिरेखाणीवरचा जेसीबी आला. खड्डा बुजल्यावर त्याने विचारलं, "वर एखादं कलम लावू?"

"नको," मी म्हणाले. "आंबा नको."

त्यानंतर नऊ दिवस तो आला नाही आणि मी गेले नाही. पाचला जाग यायची, पाय खाली टाकायचे, आणि मग आठवायचं. एसटीत आता शेजारी बायका बसायला लागल्या. एकीने विचारलं, हल्ली अत्तर लावतेस काय गो? मी खिडकीकडे तोंड केलं.

दहाव्या दिवशी, भर दुपारी, तो आला. बाबा आत झोपले होते. मी रिकाम्या पडवीत खोगिराला तेल लावत बसले होते, आता कशाला ते मला विचारू नका. तो खांबापाशी उभा राहिला. दाढी वाढली होती.

"मला सांगायचंय."

"सांग."

"मीच घातले आंबे. रोज टोपलीभर. दोन दिवस बाठे काढले, मग पेट्यांची घाई लागली… आमची गाय अख्खे खाते. रात्रभर रवंथ करते नि सकाळी गोठ्यात बाठ्यांची रास पडलेली असते, पांढरीशुभ्र. मला वाटलं, हापण टाकील. सकाळी शोधले मी. नाय मिळाले. म्हटलं, खारींनी नेले असतील."

इतकी वेडी, इतकी इथलीच चूक होती ती. घोडा रवंथ करत नाही, हे त्या बैलवाल्याला कुणी सांगायचं होतं? मीच ना?

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"तू समोर होतीस," तो म्हणाला. "तू माझ्याकडं कशी बघशील, तेवढंच दिसलं मला." त्याने नाक पुसलं. "काय पण बोल मला. परत तोंड दाखवणार नाय, एवढंच सांगायला आलो."

तो वळला. त्याला जाऊ द्यायचं, एवढंच करायचं होतं. सगळं ओझं एकटा घेऊन गेला असता आणि मी आयुष्यभर, बिचारी निशिगंधा, तिचा घोडा मारला त्याने, अशी राहिले असते. फार सोपं होतं.

"दर्शन, मला माहीत होतं."

तो थांबला.

"रविवारीच कळलं होतं. त्याचे ओठ पिवळे होते आणि झाडाखाली एकही बाठा नव्हता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सगळं जिभेवर होतं माझ्या."

"मग बोलली का नाहीस?" त्याचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात राग होता. हक्काचा राग. मला तो बरा वाटला.

"बोलले असते तर बाबांसमोर, सगळ्यांसमोर तू गुन्हेगार झाला असतास. मग मी तुझ्याकडे कधी आले नसते, आणि… मला तू हवा होतास. घोडा तळमळत होता आणि मला तू हवा होतास. मुंबईहून येताना मी हेच सांगायचं ठरवून आले होते रे. असं नव्हतं सांगायचं."

तो खांबाला टेकून खालीच बसला. आत बाबांचा पंखा घरघरत होता. मी तेलाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसले. त्याने हात पुढे केला नाही आणि मीही नाही.

"म्हणजे दोघांनी," शेवटी तो म्हणाला.

"हो. दोघांनी."

"तू नसतं सांगितलंस तर मला कधी कळलं नसतं."

"म्हणून सांगितलं."

ऊन पडवीतून निघून अंगणात गेलं, तेव्हा तो उठला. चपला घातल्या, पाच-सहा पावलं गेला, आणि पाठमोराच म्हणाला, "उद्या येऊ?"

"ये," मी म्हणाले.

मी त्याला माफ केलं होतं म्हणून नव्हे. स्वतःला तर नाहीच. पण ही गोष्ट साऱ्या जगात एकाच माणसाशी बोलता येणार होती, आणि तो नेमका तोच होता, ज्याच्यावर माझं प्रेम होतं.