पाठलागाची शर्यत

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडत नाही.

पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळावरचा मुंजा... असल्या गोष्टी तुम्ही चवीने वाचता. मला हसू येतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात भुताला कधी जागा नव्हती. जळगाव डेपोत मी कंडक्टर होतो. मुक्कामाच्या गाडीत कुठे कुठे झोपलो, मला कधी काही दिसलं नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. १९९२चा मे, रविवार. नशिराबादच्या रस्त्याला लागून असलेलं मैदान.

माझी बायको सुनंदा त्याच फेब्रुवारीत काविळीने गेली. ती ट्रॅकवर सायकल चालवायची. आधी धुळ्यात पहिली, मग राज्यात, मग देशात. तिचा खेळ पाठलागाचा. दोघी जणी मैदानाच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकदम निघतात आणि एकमेकींच्या मागे लागतात. जिने दुसरीला गाठलं तिची शर्यत.

सुनंदाला कुणी कधी गाठलं नाही.

तिला थांबवलं ते जीवरामने. हा सायकल संघटनेचा अध्यक्ष. पानटपरीपर्यंतसुद्धा स्कूटरने जाणारा माणूस. आमचं लग्न झालं त्याच वर्षी त्याने तिचं नाव कापलं.

"लग्न झालं ना ताई? गोल गोल फिरवायचंच आहे तर आता भाकरी फिरवा," असं म्हणाला आणि स्वतःच हसला.

सुनंदाने सायकल भिंतीला टांगली.

ती गेल्यावर हाच माणूस हार घेऊन माझ्या दारात.

"अभिमनभाऊ, ताईंच्या नावाने स्पर्धा ठेवतोय. उद्घाटनाची एक फेरी मी मारतो, त्यांच्याच सायकलवर. पेपरात फोटो येईल."

"जमेल तुम्हाला? तिला ब्रेक नाही. चाक फिरतं तोवर पायडल फिरतंच."

"सायकलच आहे ना भाऊ, विमान नाही."

दिली मी. कारण सांगतो. ती गेल्यापासून मी रात्री दाराला कडी लावत नव्हतो. कुणी विचारलं तर उकडतं म्हणायचो, थंडी असतानाही. मला तिची एक खूण हवी होती. हाक, पाऊल, काहीही. भूत न मानणारा मी... पण वाटायचं, आलीच तर या सायकलपाशी येईल.

स्पर्धा सकाळची होती. पुढाऱ्याची वाट बघण्यात दुपार झाली. पुढारी आला नाही. पोरं कंटाळून पांगली. उरलो आम्ही चौघं. जीवराम, मी, माईकवाला तोताराम आणि ताक विकणारी झुंबरबाई.

जीवराम सफारी घालून सायकलवर चढला. पोट हँडलला टेकलं.

"साहेब, टायर फुगलेत ना? वजन मोठं आहे," तोताराम माईकवरून म्हणाला.

जीवराम निघाला. तेवढ्यात लाईट गेली. माईक बंद. गाणी बंद.

सगळं शांत. जळगावच्या मे महिन्यात दुपारी कावळासुद्धा ओरडत नाही.

आणि मग... आवाज आला.

मुरमावरून पळणाऱ्या पातळ टायरचा. सर्रर्र...

जीवराम माझ्यासमोर होता. आवाज मैदानाच्या पलीकडून येत होता.

बरोबर समोरच्या बाजूने.

तिकडे कुणी नव्हतं. नुसतं ऊन.

सुनंदाची सायकल तर जीवरामच्या खाली होती. मग हे कोण... कशावर...

उन्हाने माझं डोकं तापलंय असं मला वाटलं. पण झुंबरबाई उठून उभी राहिली.

"भाऊ, त्याना मांगे कोन शे?"

"कुणी नाही, अक्का."

"मंग काय वाजस?"

जीवरामनेही ऐकलं होतं. तो मागे बघत जोरात पाय मारू लागला. एकच फेरी ठरली होती. ती संपली तरी तो थांबला नाही.

आवाज त्याच्या जवळ येत होता. अर्धं मैदान... पाव मैदान...

मग तो आवाज माझ्यासमोरून गेला. हातभर अंतरावरून.

धूळ उडाली नाही.

पण श्वास ऐकू आला. तोंडाने घेतलेला, दातांतून सोडलेला. त्या श्वासाशेजारी मी वर्षानुवर्षं झोपलोय. तो कुणाचा, हे मला कुणी शिकवू नये.

"सुनंदा," मी म्हणालो.

वेग कमी झाला नाही.

"अभिमनभाऊ... ताईंना थांबवा," जीवराम ओरडला.

मी कशाला थांबवू?

पलीकडच्या वळणावर दोन्ही आवाज एक झाले. तिने गाठलं त्याला. जीवरामने घाबरून पाय रोखले आणि पायडलांनी त्याला उडवून दिलं. खांद्याचं हाड मोडलं. उन्हाने चक्कर आली, असं पेपरात छापून आलं. तो आजही तेच सांगतो. अध्यक्षही आहे अजून. असली माणसं कुठे जात नाहीत.

त्याच्याकडे मी बघितलंही नाही. कान देऊन उभा राहिलो. शर्यत संपली होती. आता ती थांबेल, माझ्याकडे येईल.

आवाज थांबला नाही.

मैदानाच्या फाटकातून बाहेर पडला... रस्त्याला लागला... आणि डावीकडे वळला. नशिराबादकडे.

आमचं घर उजवीकडे होतं.

नशिराबादला तिचं माहेर नाही, मैत्रीण नाही, कुणीच नाही. मी तिथे घरोघर विचारून आलो. लोकांनी वेड्यात काढलं. काढू देत.

ती तिकडे कुणाकडे गेली, मला आजही माहीत नाही. पण वळताना ती जराही रेंगाळली नाही... एवढं मी ऐकलं.