फुलीची बाजू

“ही अंडी कुणी फिरवली?”

स्वयंपाकघराच्या दारात भिंगरी उभी होती. हातात थर्माकोलच्या खोक्याचं झाकण, पायात गुडघ्यापर्यंत भिजलेले बूट, आणि चेहरा असा की टेबलाभोवतीच्या सात माणसांचे घास हातातच राहिले. प्रश्न तिने आधी तिथल्या भाषेत विचारला आणि मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या ताईकडे बघून आपल्या भाषेत. पहिल्या वेळी ताईला शब्द कळले नव्हते, पण सूर कळला होता. धाकट्या बहिणीचा राग ओळखायला भाषा कशाला लागते!

“मी फिरवली,” ताई म्हणाली. आणि वर भाबडेपणाने पुस्ती जोडली, “अगदी सगळी गं. चौऱ्याऐंशी. एकही ठेवलं नाही.”

भिंगरीच्या हातातलं झाकण खाली पडलं.

परदेशातल्या त्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखण्याचं काम चाले. ठिकठिकाणची माणसं आपापले व्याप सोडून तीन आठवड्यांसाठी स्वयंसेवक म्हणून येत, पत्र्याच्या छपराखाली फळ्यांवर झोपत, वाळूतलं प्लास्टिक वेचत, जाळ्यात अडकलेली कासवं सोडवत. सात वर्षांपूर्वी भिंगरी अशीच तीन आठवड्यांसाठी गेली, ती तिथलीच झाली. पायाला भिंगरी म्हणून घरात हे नाव पडलेली पोरगी आयुष्यात एका जागी टिकली ती तिथे! ज्या कुंपणात धोक्यातली अंडी आणून पुन्हा पुरत, ते आता तिच्या ताब्यात होतं आणि या हंगामानंतर म्हाताऱ्या कॅप्टन सगळा किनाराच तिच्यावर सोपवणार होत्या. कॅप्टन म्हणजे या कामाच्या प्रमुख. तरुणपणी बोट चालवायच्या, म्हणून ते नाव चिकटलेलं.

आणि ताई? ताई भिंगरीहून चौदा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती बावीसची होती. शिक्षण अर्ध्यावर टाकून कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात लागली, ती सव्वीस वर्षं तिथेच. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, “एकवीस दिवसांत हजार पिल्लं काढते मी, आणखी कशाला?” लोक हसायचे, विषय टळायचा. धाकटीचे डबे, तिचे ताप, तिच्या परीक्षा, पुढे आईचं आजारपण... या बाईने सगळं केलं आणि केल्याचं कधी बोलून दाखवलं नाही. बोलून न दाखवणाऱ्याच्या खांद्यावरच जग खुशाल ओझं ठेवतं, यात नवीन काय!

तीन वर्षांपूर्वी आई गेली. भिंगरीला ते कळलं सगळं आटोपल्यावर. फोनवर ती किंचाळली होती, “दोन महिने आई अंथरुणाला खिळलेली, आणि तू मला ‘बरी आहे, बरी आहे’ सांगत राहिलीस? शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस! कोण गं तू ठरवणारी?”

“चुकलं माझं,” ताई एवढंच म्हणाली. त्यानंतर ना फोन, ना पत्र.

तीन वर्षं ताईने तो अबोला सोसला. शेवटी केंद्रातल्या पशुवैद्य बाईंनी तिची दशा पाहून स्वयंसेवकाचा अर्ज भरून दिला. कधी गावाची वेस न ओलांडलेली ताई विमानात बसली, मग बसमध्ये, मग बोटीत! मनात एकच आस होती... पोरीने एकदा, फक्त एकदा ‘ताई’ म्हणून हाक मारावी. धक्क्यावर उतरली तेव्हा भिंगरी यादी घेऊन उभी होती. “इथे मी कामापुरतंच बोलेन,” हेच काय ते स्वागत.

प्रत्यक्षात कामापुरतंही ती बोलली नाही आणि तेच भोवलं. तिथली शिस्त अशी, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन तास बसवून नियम समजावायचे आणि समजावल्याची सही करायची. त्याशिवाय त्याला अंड्यांजवळ फिरकू द्यायचं नाही. ताईला भाषा येत नव्हती म्हणून हे काम साहजिकच बहिणीवर आलं. पण दोन तास ताईच्या डोळ्यांसमोर बसायचं! भिंगरीच्याने ते झालं नाही. तिने ताईच्या देखतच कागदावर सही ठोकली आणि ताईला किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिक वेचायला धाडून दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी उधाणाने किनारा खाल्ला. दहा-बारा दिवसांपूर्वीचं एक घरटं उघडं पडलं. भिंगरीने त्यातली अंडी वाळूच्या खोक्यात आणून शेडमध्ये ठेवली आणि बाकीची घरटी वाचवायला सगळे धावले. नवा खड्डा तयार व्हायला संध्याकाळ होणार होती. कॅप्टननी ताईला हाताला धरून खोक्याजवळ बसवलं, थर्मामीटर दाखवला, ‘जेवायला बोलावेपर्यंत इथून हलू नका’ असं खुणेने सांगितलं. कागदावर सही होती, म्हणजे बाईला नियम ठाऊक असणारच.

ताईने वरची वाळू अलगद बाजूला केली. लहान चेंडूएवढी पांढरी अंडी, आणि प्रत्येकावर पेन्सिलची बारीक फुली. तिचा ऊर भरून आला! उबवणी केंद्रात मशीन नव्हतं त्या काळी हाताने अंडी फिरवायची, तेव्हा हीच खूण असायची. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. फुली वर दिसली की अंडं फिरवायचं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. या सगळ्यांवर फुली वर होती... म्हणजे घाईगर्दीत पोरीचं फिरवायचं राहूनच गेलं की! निदान एवढं तरी आपण तिच्यासाठी करावं. तिने तीनदा हात धुतले आणि अंडं न् अंडं हलक्या हाताने उलटं केलं. कितीतरी दिवसांनी ती कामाच्या नादात गुणगुणत होती.

पण कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. वाळूत एकदा स्थिरावलं की आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला धरून वाढतो, आणि अंडं उलटं झालं की गुदमरतो. ही बाजू वरच राहिली पाहिजे, यासाठी ती फुली होती.

भिंगरीने हे टेबलाशी उभ्या उभ्या सांगितलं. ऐकता ऐकता ताईने आपले हात टेबलाखाली लपवले.

“तुला कुणी सांगितलं होतं गं हात लावायला?” भिंगरीचा आवाज फाटला. “कुणी काही विचारलेलं नसताना सगळ्यांचं भलं तूच का ठरवतेस? आईच्या वेळीही तेच, आणि आता इथेही!”

कॅप्टन उठल्या. त्यांनी भिंगरीकडे रोखून बघत तिथल्या भाषेत काहीतरी विचारलं. ताईला त्यातले दोनच शब्द कळले, ‘नियम’ आणि ‘कुणी’. पण तेवढे पुरे होते. भिंगरीचा चेहरा राखेसारखा झालेला तिने पाहिला आणि क्षणात तिच्या ध्यानात आलं... ती सही! खोटी सही करणाऱ्याला या किनाऱ्यावर जागा नव्हती. भिंतीवरच्या पाटीवर ते चित्र काढून दाखवलेलं होतं.

ताई उभी राहिली. चार दिवसांत कानांवर पडलेले शब्द तिने एकेक करून गोळा केले. “बहीण सांगितली,” ती त्या भाषेत म्हणाली. “सगळं सांगितली. मी विसरली.”

परक्या भाषेत तिला धड जमलेलं ते पहिलं बोलणं, आणि तेही खोटं! भिंगरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. कॅप्टननी मान हलवली. उद्या सकाळच्या बोटीने या बाईंनी परत जावं, असं त्यांनी सांगितलं. शेजारी बसलेल्या निवृत्त दंतवैद्याने पाण्याचा पेला ताईकडे सरकवला. ताईने तो घेतला आणि तसाच बाजूला ठेवला.

दुपार कलली तेव्हा ताई झोपायच्या खोलीत बॅग भरत होती. भिंगरी दारात येऊन उभी राहिली.

“खोटं का बोललीस?”

“जाऊ दे गं. मी काय, पाहुणी. आज ना उद्या जाणारच होते. तुझं इथलं राहिलं पाहिजे.”

“मी तुला काहीच सांगितलं नव्हतं. मी तुला शिक्षा करत होते आणि ती त्या चौऱ्याऐंशी जीवांना भोवली. आणि तू उठून सगळ्यांसमोर...” भिंगरी फळीच्या कडेवर बसली. “किती सहज बोललीस तू ते! मला नवल वाटलं. सवय असल्यासारखं...”

ती एकदम थांबली. ताईने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आईच्या वेळी कुणी ठरवलं होतं?”

“झालं गेलं ते आता...”

“कुणी ठरवलं होतं? ताई!”

तीन वर्षांत न उमटलेली ती हाक खोलीत उमटली आणि ताईच्या हातातला टॉवेल गळून पडला. ज्या एका शब्दासाठी ती समुद्र ओलांडून आली होती, तो असा आला... आणि आला तोच उत्तर मागत आला! आईला तिने वचन दिलं होतं. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पण डोळ्यांना कुठे वचनाचं बंधन असतं? ते घळाघळा वाहू लागले.

“आईने,” भिंगरी हळूच म्हणाली. “आईनेच सांगितलं होतं ना?”

“तिच्यावर रागावू नकोस,” ताई हुंदका आवरत म्हणाली. “मी तर फोन हातात घेतला होता. तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, ‘पोरगी जन्मभर नुसती फिरत राहिली, आत्ता कुठे रुजतेय. तिला हलवू नकोस.’ आणि म्हणाली, ‘मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. उगाच जन्मभर मनाला लावून घेईल. तुझ्यावर रागावली तर रागावू दे. तू सोसशील.’”

“आणि तू सोसलंस!”

“माझ्यावरचा राग ओसरेल असं वाटलं होतं गं. आईवरचा कुणापाशी काढणार होतीस तू?”

भिंगरीने ताईच्या कमरेला मिठी घातली आणि लहानपणी तापात रडायची तशी रडली. “मी किती बोलले तुला... किती बोलले!” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ताई तिच्या खाऱ्या, राठ केसांतून हात फिरवत होती.

डोळे पुसून भिंगरी उठली ती थेट कॅप्टनकडे गेली. सही खोटी होती हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. कॅप्टननी ऐकून घेतलं. कुंपणाच्या किल्ल्या मागून घेतल्या. तिला हाकललं नाही, पण किनारा तिच्यावर सोपवायचं बोलणं तिथेच संपलं. पुढचा हंगाम तिने नव्या माणसासारखा, प्लास्टिक वेचण्यापासून सुरू करायचा होता. ताईच्या बोटीची वेळ मात्र त्यांनी बदलली नाही. नियम तो नियम.

फक्त एक गोष्ट त्यांनी केली. ती अंडी पुरायचं काम या दोघींनाच दिलं.

संध्याकाळी वाळू निवली. भिंगरीने प्रत्येक अंडं फुली वर करून खड्ड्यात ठेवलं. ताई नुसती बघत होती. तिचे हात तिने पाठीमागे धरले होते.

“घे,” भिंगरी म्हणाली.

“नको गं बाई! माझे हात नकोत.”

“तुझ्याच हातांनी वाढले ना मी? घे.” तिने शेवटचं अंडं ताईच्या ओंजळीत ठेवलं आणि खालून आपली ओंजळ लावली. चार हातांनी ते अंडं वाळूत उतरलं. फुली वर होती. दोघींनी मिळून वाळू लोटली.

“जगतील का गं?”

“माहीत नाही,” भिंगरी म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही. खोटं दोघींचंही पुरेसं बोलून झालं होतं.

त्यानंतर दीड महिन्याने, उबवणी केंद्रातल्या जेवणाच्या सुट्टीत, ताईचा फोन वाजला.

“ताई, एकोणीस निघाली! आत्ता पाण्यात गेली.”

“आणि बाकीची?”

“बाकीची नाही निघाली, ताई. पासष्ट.”

तो आकडा दोघींनी वाटून घेतला. जन्मभराचा होता तो, एकटीला पेलला नसता.

“हंगाम संपला की घरी येणार आहे मी,” भिंगरी म्हणाली. “आईच्या खोलीत थोडे दिवस नुसतं बसायचंय मला.”

ताईच्या ओठांशी एकदम शंभर प्रश्न आले... कधी येशील, किती दिवस राहशील, कोणती गाडी, घ्यायला येऊ का, आवाज का असा उतरलाय, तिथलं आता सोडूनच देतेस का, इकडे तुझ्यासाठी काही बघू का... सव्वीस वर्षांची सवय ती! हात नुसते शिवशिवत होते.

ताईने ते हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

“ये,” ती म्हणाली, “तुझ्या वेळेने ये.”