वडाखालचा ब्रेक

खोपटच्या एसटी डेपोत वजनाच्या मशीनवर उभी राहिली ती शालू, आणि तिकीट उचललं ते भलत्यानेच!

"एक्केचाळीस किलो! अहो, तुम्हाला गाडी चालवता येते का?"

"दुसऱ्याचं वजन वाचायला लाज नाही वाटत?"

"वाटते ना... पण एवढी हलकी ड्रायव्हर मिळायची कुठे?"

हा चांगदेव, विठ्ठलवाडीचा. साल १९८८, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. सायकलची चाकं नि मोपेडचं इंजिन लावून पठ्ठ्याने एका स्पर्धेसाठी तीनचाकी बनवलेली. पाव लिटर पेट्रोलमध्ये सगळ्यात लांब जाईल ती गाडी जिंकणार, आणि बनवणाऱ्याला पुण्याच्या कारखान्यात नोकरी. बापाचा टेम्पो चालवायला शिकलेली शालू हो म्हणाली.

रोज सकाळी बाळकुमच्या रस्त्यावर शिकवणी.

"वेग घे, इंजिन बंद कर... आता नुसती सोडून दे. ब्रेकला पाय लावायचा नाही हं! ब्रेक म्हणजे पेट्रोल रस्त्यावर ओतणं."

"आणि म्हैस आडवी आली तर?"

"तुला बघून लाजेल, होईल बाजूला."

"तुझ्यासारखी?"

तो कानापर्यंत लाल. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

स्पर्धाही त्याच रस्त्यावर. त्या सकाळी तिच्या हेल्मेटचा पट्टा बांधता बांधता तो म्हणाला,

"शालू... शेवटच्या फेरीला मी रस्त्याकडेच्या त्या वडाखाली असेन. माझ्याशी लग्न करशील तर — ब्रेक मार. नाहीतर तशीच जा."

"अरे, आणि नोकरी?"

"गेली खड्ड्यात!"

शेवटची फेरी. पेट्रोल संपत आलेलं. वड आला, तो दिसला, तिचा पाय ब्रेककडे गेलासुद्धा... पण एवढ्यासाठी त्याची नोकरी घालवू? आधी जिंकू दे याला, मग दहादा हो म्हणते! वेडी पोर तोंडभर हसली — हेल्मेटच्या आत. गाडी सुळकन् पुढे गेली.

साठ पावलांनी जिंकली. चषक घेऊन धावत आली, तर हा हात जोडून उभा.

"अभिनंदन. तुम्ही छान चालवलीत."

तुम्ही! तिला रागच आला. एवढंही ओळखत नाही? जा, मीच का सांगू!

राग उतरायला दोन महिने लागले. विठ्ठलवाडीला गेली, तर त्याच्या आईने हातावर त्याच्या साखरपुड्याचा पेढा ठेवला. तिने तो तिथेच खाल्ला, गोड आहे म्हणाली.

दहा वर्षं झाली. आता नवरा, कुंडलिक, शेजारी असतो, गाडी तीच चालवते. त्याच वडाजवळ आली की रस्ता मोकळा असला तरी ती करकचून ब्रेक मारते.

"अगं, समोर कोणी नाही! पेट्रोल फुकट जातंय."

"जाऊ दे," ती म्हणते. "तेव्हा फार वाचवलं मी."