झाकण लावून काढलेले फोटो

गेन किती ठेवायचा म्हणून मघापासून डोकं खाताय ना माझं? सांगतो. पण आधी तो लॅपटॉप मिटा आणि नीट बसा. ऐकल्यावर गच्चीत जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मला हे सगळं शिकवलं माझ्या एका चष्मेवाल्या दोस्तानं. दिवसभर दुकानात लोकांचे नंबर काढायचा आणि रात्री गच्चीत टेलिस्कोपला कॅमेरा लावून बसायचा. म्हणायचा, "गेन म्हणजे रेडिओचा आवाज वाढवणं. अंधुकसुद्धा ऐकू येतं, पण खरखरही वाढते. आणि एक्सपोजर म्हणजे कान देऊन किती वेळ बसायचं ते." त्याचं ठरलेलं होतं. गेन शंभर, एक्सपोजर पाच मिनिटं. त्यावरून माझ्याशी तासन्‌तास हुज्जत घालायचा.

अठरा मार्च, शनिवार. अमावस्या तीन दिवसांवर, आकाश एकदम स्वच्छ. वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हृदयाचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. खोलीत जीव घुसमटतो म्हणाल्या, म्हणून यानं दर तीन पायऱ्यांना थांबत त्यांना वर आणलं आणि गच्चीत खाट टाकून दिली. त्या लगेच झोपल्या. हा आपला एका अंधुक दीर्घिकेच्या मागे लागला.

पावणेदोनला फोटो संपले. शेवटचं काम उरलं, डार्क फ्रेमचं. टेलिस्कोपच्या तोंडाला झाकण लावायचं आणि तोच गेन, तेच एक्सपोजर ठेवून निव्वळ काळोखाचे फोटो काढायचे. कॅमेऱ्याची स्वतःची खरखर किती ते त्यात कळतं, मग ती खऱ्या फोटोंतून वजा करायची. हसू नकोस रे, खरंच असंच करतात. यानं वीस फ्रेम लावल्या आणि चहाचा थर्मास उघडला.

पहिली फ्रेम आली. झाकण लावलेलं, तरी मधोमध राखाडी डाग.

उजेड शिरतोय कुठून तरी, असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं असतं. त्यानं झाकणाभोवती टॉवेल गुंडाळला. दुसरी फ्रेम. डागाला आता चार कोपरे होते. वरून दिसावी तशी खाट... आणि उशाच्या बाजूला काहीतरी.

त्यानं वळून पाहिलं. वहिनी शांत झोपलेल्या. एकट्या. तेव्हाच त्यांना उचलून खाली न्यायला हवं होतं की नाही? या गृहस्थानं गेन वाढवला! तीनशे केला. उजेड कुठून येतोय ते नीट दिसावं म्हणून.

तिसरी फ्रेम. दाणेच दाणे. पण कळत होतं. खाटेवर वहिनी. उशाशी कुणीतरी बसलेलं. पाठमोरं.

आता पाच मिनिटं थांबवेना. एक्सपोजर एका मिनिटावर आणलं.

चौथी. ते वाकलेलं.

पाचवी... आणखी वाकलेलं. वहिनींच्या कानाशी.

तो धावला. खाटेशी कुणी नव्हतं. वेड्यासारखे हात फिरवले त्यानं हवेत. हाताला काही लागलं नाही. काय करणार माणूस? जे आहे ते फक्त फोटोत दिसतं, आणि फोटो येईपर्यंत ते होऊन गेलेलं असतं.

वहिनींना जाग आली. म्हणाल्या, "किती वेळ बसलाय उशाशी? झोपा ना आता."

"मी नव्हतो गं."

"मग हात कुणाचा होता कपाळावर?"



त्यांना उचलून त्यानं खाली नेलं. घरातले सगळे दिवे लावले. डॉक्टरांना फोन केला. ते निघाले. "हात सोडू नका," वहिनी म्हणाल्या. नाही सोडला. डॉक्टर आले तेव्हाही धरलेलाच होता. पण तोवर...

असो.

सतरा मिनिटं. पाच, पाच, पाच, एक, एक. ती त्यानं स्वतःला कधीच माफ केली नाहीत. मला म्हणाला, "ती चालली होती आणि मी गेन ठरवत बसलो होतो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

महिन्याभरानं मी त्याच्याकडे गेलो. त्या रात्रीच्या फायली उघडायची त्याला एकट्याला भीती वाटत होती. सहाव्या फ्रेमपासून विसाव्यापर्यंत सगळ्या काळ्या, असायला हव्यात तशा. मला जरा हायसं वाटलं.

खाली एकविसावी होती. लावल्या होत्या वीसच.

उघडली. पांढरीफटक. फार वेळ उजेड घेतला की होते, तशी.

प्रत्येक फायलीत गेन आणि एक्सपोजर नोंदलेलं असतं. गेन शून्य. एक्सपोजर सेकंदांत होतं, दहा आकडी. मला वाटलं, मशीन बिघडलं. तरी कागद घेतला आणि भागाकार करत बसलो. अठ्ठावन्न वर्षं, दोन महिने, नऊ दिवस.

त्यानं तो कागद ओढून घेतला. मग ती गेली त्या पहाटेपासून, एकोणीस मार्चपासून, तो बोटांवर मागे मोजत गेला... फेब्रुवारी...

"दहा जानेवारी," तो म्हणाला. "तिचा जन्म."